पाच सेंटीमीटरांत संपणारा पाऊस : सह्याद्रीच्या उठावदार नकाशाचे परीक्षण

वाईतल्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवते, तिच्या खिडक्यांतून पसरणीच्या घाटाचा डोंगर दिसतो. जुलै महिन्यात त्या डोंगराच्या माथ्यावर दिवसदिवस ढग टेकून बसलेले असतात, पाचगणीहून उतरणाऱ्या एसटीच्या टपावरून पाणी निथळत असते, आणि आमच्या मैदानावर मात्र धूळ बसेल एवढीच भुरभुर होते. दरवर्षी सातवी-आठवीतले कोणी ना कोणी विचारते, ‘बाई, ढग तर दिसतात, मग पाऊस वरच का थांबतो?’ पुस्तकातली आकृती या प्रश्नाला पुरत नाही. डोंगर म्हणून काढलेला एक त्रिकोण, डावीकडून येणारा एक बाण आणि उजवीकडे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे तीन शब्द, एवढ्यावर मुलांनी विश्वास ठेवावा अशी आपण अपेक्षा करतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच्या खर्चाने पश्चिम महाराष्ट्राचा एक उठावदार नकाशा मागवला. एक पूर्ण पावसाळा तो वर्गात वापरल्यानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण शैक्षणिक साहित्य विकत घेताना शिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे परीक्षण मला स्वतःला कुठे सापडले नव्हते.

प्रथम वस्तूविषयी. नकाशा जाड प्लास्टिकच्या पत्र्यावर छापून नंतर साच्यावर उठवलेला आहे. त्याची उंची साधारण एकशे पाच सेंटीमीटर आणि रुंदी साठ सेंटीमीटर असून उत्तरेला साल्हेरपासून दक्षिणेला आंबोलीपर्यंत आणि पश्चिमेला समुद्रापासून पूर्वेला सोलापूरच्या आसपासपर्यंतचा भाग त्यात आला आहे. प्रमाण एकास पाच लाख, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचे पाच किलोमीटर दाखवतो. सोबत नकाशाच्याच मापाचा एक पारदर्शक पडदा येतो, ज्यावर समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस पडणारी ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, छापलेल्या आहेत, आणि चोवीस पानांची एक पुस्तिका येते. किंमत बत्तीसशे रुपये पडली. उठावदार नकाशा गुंडाळून पाठवता येत नाही, त्यामुळे तो दारासारख्या मोठ्या सपाट खोक्यातून आला. बांधणी चांगली होती आणि एकही शिखर चेपलेले नव्हते, हे आवर्जून नोंदवते.

अशा नकाशात उंची वाढवून दाखवावी लागते आणि ती किती वाढवली आहे हे सांगणे हा उत्पादकाचा प्रामाणिकपणा असतो. इथे ती पाचपट वाढवली आहे आणि तसे नकाशाच्या कोपऱ्यात स्पष्ट छापले आहे. ही वाढ का लागते हे मी मुलांकडून गणित करवून घेऊन समजावले. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर उंच आहे. एकास पाच लाख या प्रमाणात त्याची उंची जेमतेम सव्वातीन मिलिमीटर भरेल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी. पाचपट केल्यावर ती दीड सेंटीमीटरांच्या थोडी वर जाते आणि मग बोटाला जाणवते. हे गणित झाल्यावर वर्गात काही क्षण शांतता होती. ज्या डोंगराने पावसाचे सगळे नशीब ठरवले, तो प्रत्यक्षात एवढा बारीक उंचवटा आहे, हे मुलांना पहिल्यांदा कळले. मलाही ते इतक्या ठळकपणे त्याआधी जाणवले नव्हते.

आता नकाशाच्या खऱ्या गुणाकडे येते. महाबळेश्वरवर एक बोट ठेवावे आणि ते सरळ पूर्वेकडे सरकवावे. तीन सेंटीमीटरांवर पाचगणी लागते आणि पाच सेंटीमीटर पुरे होण्याच्या आतच वाई. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आणि वाईला सात-आठशे मिलिमीटर. तसेच बोट पुढे नेत म्हसवडपर्यंत गेले की आणखी वीस सेंटीमीटर अंतर तोडावे लागते, पण तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच असतो. म्हणजे पाच हजार मिलिमीटर पाऊस पहिल्या पाच सेंटीमीटरांत कमी होतो आणि नंतरच्या वीस सेंटीमीटरांत दोन-तीनशे मिलिमीटरच काय तो उतरतो. पर्जन्यछायेचा प्रदेश घाटापासून दूर कुठेतरी माणदेशात सुरू होतो असा समज आपल्या जिल्ह्यातही सर्रास आढळतो. माणदेशातली पावसाची ओढ खरी आहे, तिथल्या दुष्काळाचे दुःख खरे आहे, पण छाया तिथे सुरू होत नाही. ती आमच्या वर्गाच्याही वर, पाचगणीच्या अलीकडेच सुरू झालेली असते. हे सपाट नकाशावर अंतर मोजूनही सांगता येईल, परंतु उतरणीवरून बोट घसरत असताना सांगितले की ते विसरले जात नाही.

दुसरा एक घट्ट रुतलेला समज या नकाशाने सहज मोडला. ‘जितकी उंची जास्त तितका पाऊस जास्त’ हे वाक्य मुले पाठ करून येतात. पाचगणी उंचीने महाबळेश्वरपेक्षा फारशी कमी नाही. दोन्ही गावे बाराशे मीटरांच्या वर आहेत आणि नकाशावर दोन्हींच्या उठावातला फरक बोटाला मुश्किलीने कळतो. तरीही पावसात एवढी तफावत! दक्षिणेला आंबोली पाहा. ती सातशे मीटरांच्याही खाली आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर, आणि तरी तिथला सरासरी पाऊस सात हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. कळसूबाई सर्वांत उंच असूनही पावसाचा विक्रम तिच्या नावावर नाही. उंची नव्हे, तर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला पहिल्यांदा अडवणारी भिंत कोणती आणि ती किती अचानक उभी राहते, यावर सगळे अवलंबून आहे. आंबोलीच्या पश्चिमेला बोट ठेवले तर ते सपाट कोकणपट्टीवरून एकदम कड्यावर चढते. पाचगणीला पोहोचण्याआधी मात्र वाऱ्याला महाबळेश्वरचा माथा ओलांडावा लागतो, आणि तिथे त्याला पुन्हा वर चढवणारे काही उरलेले नसते.

यामागचे भौतिकशास्त्र पुस्तिकेत बऱ्यापैकी नीट मांडले आहे. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने संपृक्त होईपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे दहा अंश सेल्सिअस या वेगाने थंड होते. संपृक्त झाल्यावर बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग पाच-सहा अंशांवर येतो. जुलैतली कोकणातली हवा आधीच इतकी दमट असते की तिला ढग व्हायला काही शे मीटर चढणेही पुरते. माथा ओलांडून ती देशावर उतरू लागली की दाबाने तापते, ढगातले उरलेसुरले थेंब विरतात आणि सापेक्ष आर्द्रता घटते. पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट मी इथे जोडते, कारण ती मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून, सोमालियाच्या बाजूने अरबी समुद्रावर येणारा मोसमी वाऱ्यांचा वेगवान पट्टा साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरदार असतो. सह्याद्रीचा माथाही हजार ते चौदाशे मीटरांच्या दरम्यान आहे. वाऱ्याचा जोर आणि डोंगराची उंची यांची गाठ इतकी जवळून पडावी, हे या भूमीचे भाग्य आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर.

वर्गातला सर्वांत चांगला प्रयोग मात्र पुस्तिकेत नाही, तो आम्हीच केला. नकाशा टेबलावर सपाट ठेवून महाबळेश्वरच्या माथ्यावर ड्रॉपरने पाणी सोडले. छपाईवर पाण्याचा काही परिणाम होत नाही, हेही त्या निमित्ताने समजले. पश्चिमेला पडलेले थेंब कड्यावरून घरंगळले आणि पोलादपूर-महाडच्या बाजूला, सावित्रीच्या खोऱ्यात, थेट खाली गेले. पूर्वेला पडलेले थेंब थोडे उतरून कृष्णेच्या खोऱ्यात आले आणि तिथेच थबकले. मुलांना वाटले की नकाशात काही दोष आहे. तो दोष नव्हता. पठाराचा उतार इतका मंद आहे की पाचपट वाढवूनही पाणी आपण होऊन पुढे जाईना, नकाशाची पूर्वेकडची बाजू किंचित खाली धरावी लागली. सह्याद्री ही दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी पर्वतरांग नसून दख्खनच्या पठाराची उचललेली कड आहे, ही गोष्ट मी वीस वर्षे फळ्यावर काढून सांगत आले होते. त्या दिवशी ती पाण्याने सांगितली. कोकणातल्या नद्या आखूड आणि उतावळ्या का असतात, आणि समुद्रापासून सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटरांवर उगम पावलेली कृष्णा त्याच समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का मिळते, हे मग वेगळे समजवावे लागले नाही.

कोयनेचे खोरे या नकाशात इतके सुंदर उठले आहे की त्यासाठीच नकाशा घ्यावा असे मी म्हणेन. महाबळेश्वरहून निघालेली ही नदी पूर्वेला न जाता घाटाच्या कडेला समांतर अशी सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे वाहते, म्हणजे नकाशावर जवळजवळ तेरा सेंटीमीटर, आणि मग हेळवाकजवळ काटकोनात वळून कराडला कृष्णेला मिळते. इतका लांबचा पट्टा सर्वाधिक पावसाच्या माथ्याला खेटून जातो, त्यामुळे एवढे मोठे धरण तिथे का बांधले हे बोट फिरवतानाच उमगते. धरणाच्या पश्चिमेला जमीन एकदम खाली कोसळते. तिकडे पाणी सोडून पोफळीला वीज तयार करता येते ती या कड्यामुळेच, आणि वीज तयार झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला जाते. देशावर जाण्यासाठी निघालेले पाणी माणसाने कोकणात उतरवले, ही घटना भूगोलाच्या तासाला मी नेहमी थोडा जास्त वेळ देऊन सांगते.

याच भागात आणखी एक गोष्ट शिकवता आली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे नातेवाईक पुरात अडकले होते. सांगलीचा स्वतःचा वार्षिक पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास आहे. मग एवढे पाणी आले कुठून? नकाशावर कृष्णा, कोयना, वारणा आणि पंचगंगा यांच्यावरून चार मुलांनी चार बोटे ठेवून एकाच वेळी उगमाकडे न्यायची. चारही बोटे घाटमाथ्यावर एकाच उभ्या ओळीत येऊन थांबतात. सांगलीचा पूर सांगलीच्या ढगांतून येत नाही, हे त्यांना एका मिनिटात पटले. पुढे एका विद्यार्थिनीने स्वतःहून माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरड कोसळलेल्या जागा शोधून त्यांवर लाल टिकल्या लावल्या. त्या तिन्ही टिकल्या याच कडेच्या आसपास पडल्या आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या निघाल्या. त्यावर मी काही बोलले नाही, मुलेही बोलली नाहीत.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव पावसाच्या पारदर्शक पडद्यात आहे, आणि तीही जिथे पडद्याची सर्वाधिक गरज आहे नेमक्या त्या जागी. पडदा सपाट आहे आणि नकाशा उंचसखल, त्यामुळे तो माथ्यावर टेकतो आणि दऱ्यांवर अधांतरी राहतो. बाजूला उभे राहून पाहणाऱ्या मुलाला रेषा भलत्याच ठिकाणी दिसतात. आमच्या प्रतीत तर चारही कोपरे नीट जुळवूनही सगळ्या रेषा तीन मिलिमीटर पूर्वेला सरकलेल्या आहेत. इतर ठिकाणी तीन मिलिमीटरांनी बिघडत नाही, पण ज्या पट्ट्यात पाच सेंटीमीटरांत पाच हजार मिलिमीटर पाऊस संपतो, तिथे दीड किलोमीटरांची चूक म्हणजे एखाद्या गावाला तीनशेएक मिलिमीटर पाऊस फुकटचा बहाल करणे होय. त्यातच रेषांमधली अंतरे समान ठेवलेली नाहीत. पाचशे, हजार, दोन हजार, तीन हजार आणि एकदम पाच हजार अशा रेषा आहेत. घाटावर रेषांची दाटी होऊ नये म्हणून चार हजारांची रेषा गाळली असावी, पण ती दाटी हेच तर दाखवायचे होते! रेषा जवळजवळ आल्या म्हणजे बदल तीव्र, हे समोच्च रेषांनी, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेषांनी, शिकवलेले तत्त्व इथे छपाईच्या सोयीसाठी बाजूला ठेवले गेले. शिवाय त्या रेषा फार गुळगुळीत आहेत. घाटापासून पूर्वेला फुटलेल्या हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेव या रांगांवर पाऊस शेजारच्या खोऱ्यांपेक्षा जास्त असतो आणि रेषांना तिथे बोटांसारखे फाटे फुटायला हवेत. त्याऐवजी उत्तर-दक्षिण अशी एक सरळ लहर ओढली आहे, जणू खालचा उठाव रेषा आखणाऱ्याने पाहिलाच नव्हता.

या पडद्यावर मुंबईवरून दोन हजारांच्या पुढच्या आकड्याची एक शांत रेषा जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरच. या नकाशावर ते अंतर चार-पाच सेंटीमीटरच भरते, म्हणजे महाबळेश्वर-वाईएवढेच, आणि मध्ये कुठलाही घाट नाही. पावसाचा प्रत्येक फरक डोंगराने समजावता येत नाही, हे सांगायला मी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवते. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक दरवर्षी तिथेच असतो, सांताक्रूझ आणि कुलाब्यातला फरक त्या एका दिवसाचा आणि त्या दिवशीच्या ढगांचा होता. सरासरीच्या रेषेला पहिला फरक कळतो, दुसरा कळत नाही. पुस्तिकेत या भेदाविषयी एक परिच्छेद असता तर या नकाशाचे शैक्षणिक मोल पुष्कळ वाढले असते.

कारण माझी मुख्य तक्रार हीच आहे की या संचाने पाऊस जागेवर दाखवला, काळात दाखवला नाही. मोसमी प्रदेशाचे व्यवच्छेदक लक्षण पावसाचे प्रमाण नसून त्याचे वेळापत्रक आहे. आपल्या देशाचा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा सरासरी पाऊस सत्त्याऐंशी सेंटीमीटर धरला जातो आणि वर्षातला बहुतेक पाऊस त्यातच येतो. एवढेच पाणी वर्षभर विखरून पडले असते तर आपली शेती, आपली धरणे, आपली घरांची छपरे, सगळेच निराळे झाले असते. पुस्तिकेत या वेळापत्रकाला अर्धे पान दिले आहे आणि तारखाही जुन्या आहेत. हवामान विभागाने २०२० मध्ये आगमनाच्या आणि माघारीच्या सरासरी तारखा बदलल्या. त्यानुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. माघारीची तारीख पूर्वीपेक्षा बरीच पुढे गेली आहे आणि खरिपाच्या काढणीशी तिचा थेट संबंध आहे, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की नकाशावर नैऋत्येकडून येणारे बाण तेवढे छापले आहेत, आणि त्यामुळे पर्जन्यछायेच्या प्रदेशात जो काही पाऊस पडतो तो घाटावरून सांडलेला उरलेला पाऊस आहे, अशी समजूत होते. माण, खटाव, सांगोला, सोलापूर या भागांची गोष्ट वेगळी आहे. सोलापूरला सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे तर सप्टेंबरात पडतो. तो घाटाला आदळून पडलेला नसतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उसळलेले ढग, बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे आणि परतीच्या काळातली विजांची वादळे यांतून तो येतो. त्याआधी मे महिन्यात वळीव येतो, तोही समुद्रावरच्या नैऋत्य वाऱ्याचा नसतो. माणदेशातला शेतकरी मृगाकडे आशेने पाहतो खरा, पण त्याची रब्बीची ज्वारी उत्तरा आणि हस्तावर उभी असते, आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ असे म्हणताना त्याच्या मनात ऑक्टोबरच असतो. डोंगराच्या सावलीत राहणाऱ्यांचा पाऊस दुसऱ्या दाराने येतो, ही इतकी महत्त्वाची गोष्ट या संचात कुठेच नाही. मी स्वतः निळ्या पुठ्ठ्याचे बाण कापून ते नकाशाच्या पूर्वेकडच्या कडेला चिकटवले आहेत आणि प्रत्येक बाणावर नक्षत्राचे नाव लिहिले आहे.

रंगांविषयीही थोडे बोलले पाहिजे. सखल भाग हिरवा, मध्यम उंची पिवळी आणि उंच भाग तपकिरी ही जुनी पद्धत इथेही वापरली आहे. मोठ्यांना तिची सवय असते, पण मुले हिरव्याचा अर्थ झाडी असाच घेतात. योगायोगाने कोकण सखल आहे आणि हिरवेही आहे, त्यामुळे चूक पकडली जात नाही. गडबड होते ती घाटमाथ्यावर, जिथे सर्वांत दाट सदाहरित जंगल आहे तो भाग गडद तपकिरी दिसतो, आणि माणदेश पिवळा असल्यामुळे कोरडा वाटतो. तो कोरडा आहेच, पण पिवळा रंग केवळ त्याची उंची सांगतो आहे! एका मुलाने त्यावरून ‘उंचावर पाऊस कमी’ असा नेमका उलटा निष्कर्ष काढला होता. राखाडी किंवा एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा वापरल्या असत्या तर हा घोळ झाला नसता.

मावळ हा शब्द नकाशावर कुठेही नाही, याचे मला वाईट वाटले. घाटमाथा आणि देश यांच्यामधला हा वीस-तीस किलोमीटरांचा पट्टा, जिथे भाताची खाचरे हळूहळू नाचणीला, मग भुईमूग-बाजरीला आणि शेवटी ज्वारीला जागा देत जातात, हाच तर पावसाचा उतार जमिनीवर लिहिलेला आहे. बारा मावळांची नावे इतिहासाच्या तासाला मुले घोकतात आणि भूगोलाच्या नकाशात ती त्यांना सापडत नाहीत. अक्षरांची छपाई एरवी स्वच्छ आहे, दोन-तीन नद्यांच्या नावांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

टिकाऊपणाचे म्हणाल तर शिखरे आतून पोकळ असल्यामुळे जोरात दाबली की पिचकतात. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात खाली बसले. मग मी सगळा नकाशा उलटा करून पोकळ भागांत कागदाचा लगदा भरला, तो आठ दिवस वाळू दिला आणि मागे पातळ प्लायवूड ठोकून घेतले. त्यानंतर चार महिने तीस-तीस मुलांच्या बोटांखाली राहूनही एकही शिखर ढळलेले नाही. हे काम घेतल्याबरोबर, पहिल्या वापराच्या आधीच करावे असे मी सुचवेन. भिंतीवर टांगण्यापेक्षा टेबलावर आडवा ठेवावा, कारण टांगलेल्या नकाशावर मुले पाहतात आणि आडव्या नकाशावर हात ठेवतात.

एकंदरीत, उठावाचा नकाशा म्हणून ही वस्तू बत्तीसशे रुपयांना महाग नाही. कोकण, घाटमाथा, मावळ आणि देश यांचा परस्परसंबंध शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले साधन मी अजून हाताळलेले नाही, आणि घाटाच्या दोन्ही बाजूंच्या शाळांनी ते जरूर घ्यावे. पावसाचा पडदा आणि पुस्तिका मात्र जमेस धरू नयेत. उत्पादकाला मी सविस्तर पत्र लिहून चार हजारांची रेषा घालण्याची, पडदा साच्यावरच उठवून देण्याची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाचा वेगळा पडदा काढण्याची विनंती केली आहे. तोपर्यंत आम्ही आमच्या परीने काम चालवतो. वाईतल्या आणि पाचगणीतल्या दोन घरी पर्जन्यमापके ठेवली आहेत, रोज सकाळी साडेआठला नोंद घेऊन मुले ती फोनवर कळवतात, आणि येत्या जूनपासून दर आठवड्याचा आकडा टाचणीला लावलेल्या कागदी पट्टीच्या उंचीने नकाशावर त्या त्या गावी उभा करायचा आहे. तिसरे मापक म्हसवडला ठेवण्यासाठी एका विद्यार्थ्याच्या मामांनी होकार दिला आहे.